माप घेतलंस का?

डबा उघडू नकोस. ठेव तो बाकावर, हात पूस आणि समोर उभा राहा.

दारातून येता येता काय म्हणालास? ‘सर, रविवारी इंजिन बसवूलालो. पिस्टन बघा, फोर्ज्ड हायत.’ मी एकच विचारलं, बोअर किती आहे? तू म्हणालास, ‘पॉइंट पन्नास ओव्हर.’ ते बोअरिंगवाल्याच्या चिठ्ठीवर लिहिलंय, मलाही वाचता येतं. चार सिलिंडर, प्रत्येकात वर, मध्ये, खाली अशा तीन जागा, प्रत्येक जागी आडवं आणि उभं अशी दोन मापं. चोवीस आकडे होतात. त्यातला एक तरी वहीत आहे का? वही तरी आहे का?

दोन वर्षं माझ्या वर्गात बसलास. बोअर गेज तुझ्या हातात दिलं होतं, शून्य कसं लावायचं ते तीनदा दाखवलं होतं. तेव्हा तू बाकाखाली मोबाईल धरून टर्बोच्या शिट्ट्या ऐकत होतास, हे मला दिसत होतं. त्या दिवशी गप्प बसलो. आज बसणार नाही.

गाडी कुठली ते मला ठाऊक आहे. ऑक्टाव्हिया आरएस. २००४ च्या सुमारास आपल्याच राज्यात, तेव्हाच्या औरंगाबादजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यात जुळवलेली. त्या काळी आपल्या रस्त्यावर टर्बो बसवलेली पेट्रोल मोटार म्हणजे नवलाई होती. इंजिन १७८१ सीसी, बोअर ८१ मिलिमीटर, स्ट्रोक ८६.४, प्रत्येक सिलिंडरला पाच व्हॉल्व्ह, ताकद दीडशे अश्वशक्ती. तुला तीनशे हवी आहे, दीड बार बूस्टवर. ताकद मागणं हा गुन्हा नाही. पण ती मागताना जे प्रश्न स्वतःला विचारायचे असतात, त्यातला एकही तू विचारला नाहीस. चकचकीत फोटो पाहिलास, खाली ‘फोर्ज्ड’ लिहिलेलं वाचलंस आणि वडिलांचे पैसे भरून टाकलेस.

थैलीतला कनेक्टिंग रॉड काढ. आता डबा उघड, त्यातली एक गजन पिन घे आणि रॉडच्या लहान टोकात घाल. जात नाही ना? जोर लावू नकोस, बुश ओरबाडशील. व्हर्निअर लाव. पिन २० मिलिमीटरची, तुझा रॉड १९ चा. या एकाच वीस व्हॉल्व्हच्या इंजिनात काही गाड्यांना १९ ची पिन येते, काहींना २० ची. हे ज्याला ठाऊक नाही, त्याने पिस्टन मागवायला बसू नये. आणि ठाऊक नसलं तरी व्हर्निअर लावायला दोन मिनिटं लागतात. तुझ्या घरात व्हर्निअर आहे. मीच तुला घ्यायला लावलं होतं.

आणि पिन गेली असती तरी तू चुकलेलाच होतास. या इंजिनात बूस्ट वाढवलं की आधी काय मोडतं? कारखान्याचा पिस्टन बऱ्यापैकी मार खातो. आधी वाकतो तो हा बारीक रॉड, आणि तोही जोराने फिरताना नाही, तर कमी फेऱ्यांवर टर्बो एकदम भरतो आणि टॉर्क उसळतो तेव्हा. म्हणजे जो भाग आधी जाणार, तो तू जुनाच ठेवलास आणि जो थोडा आणखी टिकला असता, त्यावर सगळे पैसे घातलेस. रॉड आणि पिस्टन एकत्र बसून ठरवायचे असतात. पिनची जाडी, रॉडची लांबी, पिनच्या मध्यापासून पिस्टनच्या माथ्यापर्यंतची उंची, ही तिन्ही एकमेकांना बांधलेली आहेत. एक बदललं की दुसरं हलतं.

पिस्टनला काय सोसावं लागतं, ते आता तू मांड. खडू घे. ८१ मिलिमीटर बोअर, क्षेत्रफळ किती? साडेएक्कावन्न चौरस सेंटिमीटर. आत शंभर बार दाब झाला असं धर. दीड बार बूस्टवर ते अतिशयोक्त नाही. तुझ्या तळहाताएवढ्या त्या माथ्यावर सव्वापाच टन भार पडला. सात हजार फेऱ्यांवर प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला अठ्ठावन्न वेळा. आता दुसऱ्या बाजूने बघ. पिस्टन वर जाऊन थांबतो आणि उलट फिरतो, त्या क्षणी त्याच्या प्रत्येक ग्रॅमचा ओढा तीन किलोचा होतो. चारशे ग्रॅमचा पिस्टन असेल तर बाराशे किलो. म्हणून चारही पिस्टन पिनेसकट तराजूवर घालून एका ग्रॅमच्या आत जुळवायचे असतात. तुझ्या डब्यातले चार तू एकदा तरी तोललेस का? खाली बघू नकोस, उत्तर दे.

फोर्ज्ड, फोर्ज्ड म्हणतोस. कुठला धातू? ‘ॲल्युमिनियम’ हे उत्तर नव्हे. डब्याच्या आतल्या कागदावर आकडा आहे, २६१८. बाजारात मिळतात त्यांतले बहुतेक फोर्ज्ड पिस्टन २६१८ चे तरी असतात नाही तर ४०३२ चे, आणि या दोन आकड्यांत तुझ्या गाडीचं सगळं भवितव्य आहे. ४०३२ मध्ये बाराएक टक्के सिलिकॉन असतं. तो कमी फुगतो, बोअरमध्ये घट्ट बसवता येतो, थंडीत खडखडत नाही, रिंगांच्या खाचा बरीच वर्षं टिकतात. पण नॉकिंगचा मार बसला की तडकतो. २६१८ मध्ये सिलिकॉन जवळजवळ नाही. तांबं, मॅग्नेशियम, निकेल आहे. मार बसला तर तो आधी दबतो, चटकन फुटत नाही. रोल्स-रॉइसने विमानांच्या इंजिनांसाठी काढलेल्या आरआर५८ चं हे सख्खं भावंड, आणि त्याच आरआर५८ ने पुढे काँकर्ड विमानाचं अंग घडवलं, कारण आवाजाच्या दुप्पट वेगात तापणारी कातडी त्या धातूला पेलवत होती. असा धातू तुझ्या हातात आहे. तो जास्त फुगतो, हे त्याचं मोल आहे, आणि ते मोल माप घेऊन चुकवायचं असतं.

८१ मिलिमीटरचा हा धातू शंभर अंश तापला की सुमारे ०.१८ मिलिमीटर फुगतो. बिडाचा बोअर तेवढ्याच उष्णतेला त्याच्या निम्मा फुगतो. पिस्टनचा माथा तर बोअरच्या भिंतीपेक्षा कितीतरी जास्त तापलेला असतो. म्हणून थंड असताना ४०३२ ला पाच-सहा शतांश मिलिमीटर फट पुरते, २६१८ ला आठ-दहा शतांश लागते. नेमका आकडा पिस्टन करणाऱ्याने कागदावर दिलेला असतो आणि तोच पाळायचा. आणि पिस्टन गोल नसतो, हे वर्गात सांगितलं होतं. तो लंबगोल असतो, वर निमुळता असतो. मोजायचा तो पिनेला काटकोनात, स्कर्टवर कागदात दाखवलेल्या नेमक्या उंचीवर. तू मला परवा फोनवर ‘८१.५ चा पिस्टन’ म्हणालास. ते बोअरचं नाव आहे, पिस्टन त्याहून लहान असतो.

आता सगळ्यात मोठी चूक. पिस्टन यायच्या आधी तू ब्लॉक बोअर करून घेतलास. बोअरिंगवाल्याने काय केलं असेल? नेहमी करतो तेच. त्याच्याकडे रोज कास्ट पिस्टन येतात, त्यांना तीन-चार शतांश फट लागते, तेवढीच त्याने तुझ्यासाठी ठेवली असणार. त्याचा दोष नाही, तू त्याला पिस्टनच दाखवला नाहीस. पिस्टन हातात देऊन, मोजून, ‘याला एवढी फट ठेव’ असं सांगून मग बोअर करायचा असतो. शेवटचे काही शतांश होनिंगमध्ये, तेही ब्लॉकवर टॉर्क प्लेट आवळून, कारण हेडचे बोल्ट आवळले की बोअर वेडावाकडा होतो. आज तुझा बोअर लहान असेल तर ते नशीब समज. होनिंग करून मोठा करता येईल. मोठा झाला असता, तर कापून टाकलेलं बीड परत आणून लावता आलं नसतं.

इकडे ये. या कपाटातले पिस्टन तू दोन वर्षं बघतोयस, पण तू ते वाचले नाहीस. हा पहिला. स्कर्टवर चार कोपऱ्यांत खरचटल्याच्या पट्ट्या. हा फट कमी पडून घासला, थंड इंजिनाला पळवलं की असा होतो. हा दुसरा, माथ्यावर बारीक खड्डे, जणू उंदराने कुरतडलंय. नॉकिंग. हा तिसरा, माथ्याला थेट भोक. स्पार्कच्या आधीच पेट घेत राहिला, मिश्रणात पेट्रोल कमी होतं आणि चालवणाऱ्याने आवाजाकडे दुर्लक्ष केलं. चौथा बघ, हा तुझ्यासाठी आहे. पहिल्या आणि दुसऱ्या रिंगेमधली कडा तुटून गेलीय. बूस्ट वाढवलं, रिंगांची टोकं कापली नाहीत. रिंग तापली, लांबली, दोन्ही टोकं एकमेकांना भिडली. पुढे जायला जागा नाही, म्हणून रिंग भिंतीत रुतली आणि कडेला घेऊन गेली.

रिंगांच्या पाकिटावर बोट ठेवून सांगतो. साध्या गाडीच्या पुस्तकातली फट तुला चालणार नाही. भारी बूस्टला बोअरच्या दर मिलिमीटरमागे साडेपाच हजारांशाच्या आसपास धरतात, म्हणजे तुझ्या बोअरला जवळजवळ ०.४५ मिलिमीटर. दुसऱ्या रिंगेची त्याहून किंचित जास्त, म्हणजे दोघींच्या मध्ये अडकलेला वायू खाली निघून जातो आणि वरची रिंग उचलली जात नाही. इथेही रिंग करणाऱ्याचा कागद वरचढ. प्रत्येक रिंग ज्या बोअरमध्ये जाणार त्याच बोअरमध्ये, पिस्टनने सरळ ढकलून, फिलर गेजने मोजायची. कानस एकाच टोकाला, आतल्या दिशेने. आठ रिंगा, एक संध्याकाळ जाते. ती संध्याकाळ तुझ्याकडे नाही, पण हायवेवर ढाब्याजवळ गाडी उभी करून इंजिनाचा आवाज मित्रांना ऐकवायला रात्री आहेत.

‘लो कॉम्प्रेशन घेतलंय सर, साडेआठ.’ हे कुणी सांगितलं? साडेआठ हा आकडा पिस्टनवर छापलेला नसतो, तो सगळं जुळल्यावर निघतो. तुझ्या इंजिनाच्या एका सिलिंडरची हवा ४४५ सीसी. मूळ प्रमाण साडेनऊ, म्हणजे वर उरते सुमारे ५२ सीसी. साडेआठ करायचं तर ५९ लागेल. पण तू बोअर वाढवलास, त्याने हवा वाढली, प्रमाण चढलं. हेड मागच्या मालकाने एकदा फेसिंग करून घेतलंय, तेही तूच सांगितलंस. किती घासलं? माहीत नाही. गॅस्केट किती जाडीचं? माहीत नाही. मग हेड पालथं ठेव, काच लाव, ब्युरेटने तेल भर आणि सीसी मोज. पिस्टनच्या वाटीचंही तसंच मोज. त्याआधी साडेआठ हा शब्द माझ्यासमोर काढू नकोस.

आणि प्रमाण ठरवायच्या आधी हे सांग की टाकीत काय घालणार. हे सोलापूर आहे. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो. बेचाळीस अंशांची हवा टर्बोने अडीचपट दाबली की बाहेर पडताना ती पावणेदोनशे अंशांच्या घरात असते. इंटरकूलरने ती निवली नाही, तर जगातला कुठलाही पिस्टन तुला वाचवणार नाही. तू इंटरकूलर जुनाच ठेवलायस, रेडिएटरपुढे नीट हवाही येत नाही तिथे. पेट्रोलमध्ये आता इथेनॉल आलंय, आपल्याच जिल्ह्यातल्या उसाच्या मळीचंही असेल. इथेनॉल नॉकिंगला चांगलं, पण त्यात ऊर्जा पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच, म्हणजे त्याच हवेला इंजेक्टरने जास्त ओतलं पाहिजे. जुने इंजेक्टर पुरतील? मोजलेस? रोज कामाला जायची गाडी असेल, तर प्रमाण फार उतरवू नकोस. टर्बो भरेपर्यंत गाडी मेल्यासारखी चालेल आणि तू वैतागून आणखी बूस्ट चढवशील.

वीस व्हॉल्व्ह आहेत. पिस्टनच्या माथ्यावर पाच खोबण्या आहेत, त्या तुझ्या व्हॉल्व्हना आणि तुझ्या कॅमला जागा देतात का, ते मातीचा गोळा माथ्यावर ठेवून, इंजिन हाताने फिरवून, गोळा कापून बघायचं. ब्लॉकच्या तळाशी पिस्टनवर तेल मारणाऱ्या नळ्या आहेत. नव्या पिस्टनचा स्कर्ट त्यांना लागतो का, तेही हातानेच फिरवून बघायचं. स्टार्टर मारून नाही.

आता एक गोष्ट ऐक. १९१३ मध्ये डब्ल्यू. ओ. बेंटले नावाचा तरुण फ्रान्सला डीएफपी मोटारींच्या कारखान्यात गेला. टेबलावर कागद उडू नयेत म्हणून पिस्टनच्या आकाराचं ॲल्युमिनियमचं वजन ठेवलं होतं. त्याने ते उचललं आणि विचारलं, हे खऱ्या इंजिनात का चालणार नाही? मग तांबं किती, ॲल्युमिनियम किती हे ठरवून, बारा टक्के तांबं घालून त्याने पिस्टन ओतून घेतले, इंजिनात चालवून पाहिले, ब्रुकलँड्सच्या धावपट्टीवर पळवले. तेव्हा बहुतेक दुनिया बिडाचे पिस्टन घालत होती. त्यालाही एका चकचकीत वस्तूची भुरळच पडली होती. पण वस्तू उचलल्यानंतर त्याने जे केलं, ते तू केलं नाहीस.

लांब कशाला जायचं? आपल्या या गावात प्रिसिजन कॅमशाफ्ट्स १९९२ पासून आहे. इथे घडलेले कॅमशाफ्ट जगातल्या नामांकित मोटारींत जातात. सोलापूरच्या पोरांनीच ते घासलेत, मोजलेत. तिथे ‘साधारण बरोबर आहे’ म्हणणारा माणूस गेजरूममध्ये टिकत नाही. कोल्हापूरला शिरोलीत मेनन पिस्टन्समध्ये डिझेलचे पिस्टन होतात. वरच्या रिंगेच्या जागी निकेलयुक्त बिडाची कडी ॲल्युमिनियममध्ये ओतून बसवतात, कारण डिझेलचा दाब नुसत्या ॲल्युमिनियमची खाच खाऊन टाकतो. इथून दोनशे-अडीचशे किलोमीटरवर एवढं ज्ञान आहे आणि तू पिस्टन निवडलास तो रंगावरून. तुझे आजोबा हातमागावर बसायचे, मी पाहिलंय त्यांना. ताण्यातला एक धागा तुटला तर गावाच्या पूर्व भागातल्या त्या अंधाऱ्या खोलीत ते माग थांबवायचे आणि तो धागा जोडूनच धोटा पुन्हा फेकायचे. तू त्यांचा नातू. एक मायक्रोमीटर उचलायला तुला जड झालं.

मी हे सगळं पुस्तकातून बोलत नाही. तुझ्याच वयाचा होतो. मोहोळच्या बाजूला एका शेतकऱ्याचं पाण्याचं डिझेल इंजिन खोललं होतं. नवा पिस्टन, नव्या रिंगा. संध्याकाळ झाली होती, एस.टी. चुकली असती, म्हणून रिंगांची फट न मोजता बसवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी इंजिन जाम झालं. मे महिना, उसाला पाणी हवं होतं. लायनर बदलून इंजिन चालू व्हायला आठ दिवस गेले, आणि त्या आठ दिवसांत उसाचा एक पट्टा माझ्या डोळ्यांसमोर पिवळा पडला. तो माणूस मला एक शब्दही बोलला नाही. जेवायला वाढलं. ती भाकरी मला आजही आठवते. त्यानंतर मी न मोजता एकही रिंग बसवलेली नाही.

तुझ्या इंजिनाने उसाचं नुकसान होणार नाही. पण विजापूर रोडवर शंभरच्या वेगात पिस्टन जाम झाला, मागचं चाक नव्हे तर पुढची चाकं अडली, तेल रस्त्यावर सांडलं, तर मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याचं काय होईल, हे रविवारी बसवण्याआधी विचारात घे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सुद्धा वाच. बनवणाऱ्याने नोंदवलेली मूळ वैशिष्ट्यं मनाला येईल तशी बदलता येत नाहीत. ही गाडी रस्त्यासाठी बांधतोयस की बंद मैदानातल्या शर्यतीसाठी, ते आधी ठरव, कारण पिस्टनही त्यावरच ठरतो.

वडिलांनी हे पैसे कसे दिले, ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्यावर मी बोलणार नाही.

तुझा हात चांगला आहे. वर्गात थ्रेड कापताना मी तुझ्याकडेच बोट दाखवायचो, म्हणून आज इतका वेळ उभा करून बोलतोय. ज्याच्या हातात काही नाही त्याला मी चहा पाजून घरी पाठवतो.

पिस्टन परत करता येतात का, ते आज संध्याकाळी विचार. परत घेत असतील तर १९ च्या पिनेचे घे, किंवा २० च्या पिनेसाठी चांगले रॉड घे आणि त्यासाठी वर्षभर थांब. रविवार विसर. उद्या सकाळी आठला ब्लॉक, हेड आणि चारही रॉड घेऊन ये, ब्लॉक रॉकेलने धुऊन, कोरडा करून. एक दोनशे पानी वही आण. पहिल्या पानावर चोवीस चौकोन आखून आण. पिस्टनचा डबा घरीच ठेव.